कळंब्याहून सुटलेल्या माणसाला काम मिळवून देताना : नव्या कार्यकर्त्यांसाठी

‘याला कुठंतरी चिकटवा की, सायेब,’ असे म्हणत एखादी आई किंवा एखादा मेहुणा कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहातून नुकत्याच सुटलेल्या माणसाला आपल्यासमोर आणून उभा करतो, तेव्हा नव्या कार्यकर्त्याचा हात आधी फोनकडे जातो. ओळखीचा एखादा कारखानदार असतो, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कुणी ठेकेदार असतो, आणि एका फोनवर काम होईल असे मनापासून वाटत असते. हा फोन किमान आठवडाभर लांबवावा, ही या लेखातली पहिली सूचना आहे.

ती मी माझ्या चुकीतून शिकलो. या कामात पडल्यावर पहिल्याच वर्षी एका तरुणासाठी मी एका फाउंड्रीमालकाकडे शब्द टाकला आणि ‘शिक्षा भोगून आला आहे, पण मुलगा चांगला आहे’ असे सांगितले. मालकांनी विचार करून कळवतो म्हटले आणि कळवले नाही. महिन्याने त्या मुलाचे निकालपत्र हाती आले, तेव्हा समजले की तो दोन वर्षे न्यायाधीन बंदी म्हणून, म्हणजे निकाल लागण्याआधीचा कैदी म्हणून, आत होता आणि खटल्यात त्याची निर्दोष मुक्तता झाली होती. त्याला शिक्षा झालेलीच नव्हती. ती मी माझ्या तोंडाने दिली होती. तेव्हापासून कागद वाचल्याशिवाय मी कुणाबद्दल बोलत नाही.

पहिली पायरी : नोंद नेमकी कशाची आहे

बोलीत ‘आत होता’ या दोन शब्दांत सगळे येते, पण कायद्यात त्याचे किमान सहा-सात प्रकार होतात आणि प्रत्येकाचा नोकरीवर होणारा परिणाम वेगळा असतो. फक्त गुन्हा नोंद झाला आहे, दोषारोपपत्र दाखल होऊन खटला चालू आहे, खटला चालण्याआधीच न्यायालयाने दोषारोपातून मुक्त केले आहे, निर्दोष मुक्तता झाली आहे, तडजोडीने प्रकरण मिटले आहे, दोषी ठरवून परिविक्षेवर, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर, सोडले आहे, किंवा दोषी ठरवून शिक्षा भोगून झाली आहे, यांपैकी आपल्यासमोरचा माणूस कुठे बसतो हे त्याला स्वतःलाही पुष्कळदा ठाऊक नसते. ‘वकिलांनी सांगितलं, सुटलास’ एवढेच त्याला आठवत असते, आणि ते सुटणे जामिनावरचे होते की निकालाचे, हे कुणी त्याला समजावून सांगितलेले नसते.

म्हणून सुरुवात प्रकरणाच्या क्रमांकापासून करावी. न्यायालयाच्या ई-कोर्ट सेवेवर सोळा अक्षर-अंकांच्या सीएनआर क्रमांकाने (हा प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक असतो) किंवा पक्षकाराच्या नावाने प्रकरण शोधता येते. मात्र नावाने शोधताना सावध राहावे, कारण आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाची, वडिलांचेही तेच नाव असलेली तीन-तीन पाटील मंडळी सापडतात. पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष हे तिन्ही जुळल्याशिवाय ते प्रकरण आपल्या माणसाचे आहे असे धरू नये. त्यानंतर कसबा बावड्यातील न्यायसंकुलात किंवा ज्या तालुक्याच्या न्यायालयात खटला चालला तिथे नकलेचा अर्ज करून निकालपत्राची सहीशिक्क्याची नक्कल घ्यावी. एका नकलेवर थांबू नये, दोन घ्याव्यात. एक त्याच्या घरी राहते आणि दुसरी कामाच्या धावपळीत फिरते.

नक्कल हाती आली की शेवटचे पान आधी वाचावे. तिथे अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८ याचा उल्लेख दिसला, तर ती फार मोलाची गोष्ट आहे. या कायद्याच्या कलम ३ खाली समज देऊन किंवा कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर ज्याला सोडले आहे, त्याला कलम १२ नुसार, इतर कायद्यांनी दोषसिद्धीला जोडलेली अपात्रता लागू होत नाही. दोषी ठरल्याची वस्तुस्थिती त्यामुळे पुसली जात नाही आणि कुणी विचारलेच तर ती सांगावी लागते. पण अनेक कार्यालयांत हे कलम कुणी दाखवून दिल्यावरच माहीत होते, त्यामुळे निकालपत्राबरोबर त्या कलमाची छापील प्रत जोडून ठेवावी.

गुन्ह्याच्या वेळी वय अठराच्या आत असेल तर वाट वेगळी आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ प्रमाणे अशा मुलाला दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर ठरावीक काळाने नोंदीही नष्ट करायच्या असतात. यात अपवाद आहे तो सोळा वर्षांवरील ज्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालला त्याचा. शाळेच्या वयातली बालन्यायालयाची भानगड पालक स्वतःहूनच मालकाला सांगून टाकतात, तेव्हा त्यांना आधी थांबवावे लागते.

चॅप्टर केस आणि हद्दपारी यांचीही चौकशी याच वेळी करावी. पूर्वीच्या फौजदारी संहितेच्या कलम १०७ किंवा ११० खालची, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ किंवा १२९ खालची कारवाई, म्हणजेच चॅप्टर केस, ही शिक्षा नव्हे, ती शांतता आणि चांगली वर्तणूक राखण्यासाठी घेतलेली जामीनकी असते. हद्दपारीचे मात्र तसे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली ती जास्तीत जास्त दोन वर्षांची असू शकते, आणि आदेश चालू असताना आपण त्या माणसाला जिल्ह्यातच काम लावून दिले तर कामावर जाणे हाच त्याचा नवा गुन्हा होतो.

अपील करायचे राहून गेले असेल किंवा उच्च न्यायालयात काही प्रलंबित असेल, तर आता मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सुरू झाले आहे. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा : कोठडीत असलेल्या व्यक्तीला मोफत विधी साहाय्य उत्पन्न न पाहता मिळते, तर बाहेर आल्यावर पुरुषाला सर्वसाधारणपणे उत्पन्नाची मर्यादा लागते, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना ती नाही. म्हणून शक्य असेल तर हा अर्ज सुटकेच्या आधीच कारागृहातून करून घ्यावा. १५१०० हा प्राधिकरणाचा मदत क्रमांक आहे.

दुसरी पायरी : फोन, आधार आणि बाकीचे

पहिल्या पंधरा दिवसांत सर्वांत जास्त अडते ते मोबाइल क्रमांकावर. अटकेच्या वेळी फोन मुद्देमाल म्हणून जमा झालेला असतो, सिम बराच काळ न वापरल्याने बंद पडून तो क्रमांक दुसऱ्याच कुणाला गेलेला असतो, आणि आधारशी जोडलेला क्रमांक तोच असतो. मग बँक असो, ई-श्रम असो की रेशन, प्रत्येक ठिकाणचा ओटीपी अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. त्यामुळे सर्वांत आधी नवे सिम घ्यावे आणि आधार केंद्रावर जाऊन बोटांच्या ठशांवर नवा क्रमांक जोडून घ्यावा. या बदलाला वेगळा कागद लागत नाही. जुना फोन परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो, पण त्यासाठी बाकीची कामे अडवून धरू नयेत.

बँक खात्यावर दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार झालेला नसेल तर ते निष्क्रिय झालेले असते. शाखेत जाऊन केवायसी पुन्हा दिली की ते चालू होते. वाहन परवान्याची मुदत संपून वर्ष उलटले असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागते, हे चालकाचे काम शोधण्याआधी पाहून ठेवावे. मतदार यादीतले नावही तपासावे. शिक्षा भोगत असताना मतदान करता येत नाही, पण सुटल्यावर तो हक्क पुन्हा मिळतो. पुष्कळांचा समज तो कायमचा गेला असाच असतो.

कारागृहातून निघताना मिळालेले सुटकेचे प्रमाणपत्र जपून ठेवायला सांगावे, आणि आत केलेल्या कामाचा व वर्तणुकीचा दाखला मागून घ्यावा. हा दाखला मागायचे बहुतेकांना सुचतच नाही. शिवणकाम, सुतारकाम, विणकाम, बेकरी अशी कामे कारागृहांत शिकवली व करून घेतली जातात. अंबाबाईच्या प्रसादाचे लाडूही काही काळ कळंब्यातील बंद्यांनी वळले आहेत. शेजारच्या सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ, औंध संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केलेल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीत राहून आलेल्या माणसाला तर शेतीचा रोजचा सराव असतो. मालकाच्या दृष्टीने ‘चार वर्षे आत होता’ आणि ‘चार वर्षे बेकरीच्या भट्टीवर होता’ ही दोन वेगळी माणसे आहेत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची एखादी परीक्षा आत राहून दिली असेल तर ती गुणपत्रिकाही फाइलमध्ये लावावी.

तिसरी पायरी : बंद दारे आधी ओळखावीत

आपल्याकडे कुणालाही काम हवे झाले की ‘वॉचमनचं बघा’ असे म्हणतात. दोषसिद्धी झालेल्या माणसासाठी हे दार बंद आहे. खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, २००५ च्या कलम १० प्रमाणे न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीला एजन्सीने सुरक्षारक्षक किंवा पर्यवेक्षक म्हणून ठेवता येत नाही. ज्याची निर्दोष मुक्तता झाली आहे त्याला ही बंदी नाही, तरी चारित्र्य पडताळणी होतेच. रिक्षा-टॅक्सीच्या बॅजलाही पडताळणी लागते, त्यामुळे ताराबाई पार्कातल्या परिवहन कार्यालयाच्या फेऱ्या मारण्याआधी निकालपत्र एकदा वकिलाला दाखवावे. आखाती देशांत जायचे म्हणणाऱ्याला पासपोर्टचा नियम सांगावा : नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली असेल तर दोषसिद्धीपासून पाच वर्षांच्या आत केलेला अर्ज नाकारला जाऊ शकतो, आणि खटला चालू असेल तर त्या न्यायालयाची परवानगी आणावी लागते.

सरकारी नोकरीच्या मागे लागून वर्षे घालवणारे तरुण मी पाहिले आहेत. अर्ज करू नये असे मी म्हणत नाही, पण तो करत असताना हाताला दुसरे काम असले पाहिजे.

आता उघड्या दारांकडे वळू. कोल्हापूरचा फाउंड्री आणि यंत्रसामग्रीचा उद्योग माणसांवाचून अडतो, आणि तिथे हात चालतो की नाही हे आधी पाहिले जाते. फेटलिंगचे काम, म्हणजे ओतून निघालेल्या कास्टिंगवरचा जादा भाग ग्राइंडरने घासून काढण्याचे काम, धुळीचे आणि कानठळ्या बसवणारे असते. म्हणूनच तिथे नवा माणूस लवकर घेतला जातो आणि लवकर सोडूनही जातो. दमा किंवा क्षयाचा इतिहास असलेल्याला तिथे पाठवू नये. आधी सीपीआर या शासकीय रुग्णालयात छातीची तपासणी करून घ्यावी. शिवाजी उद्यमनगरातल्या लहान वर्कशॉपमध्ये पगार कमी असला तरी लेथ शिकायला मिळतो, आणि मालक स्वतः शेजारी उभा राहून काम करत असल्याने विश्वास लवकर बसतो. माझा कल नेहमी या लहान शेडांकडे राहिला आहे, कारण मोठ्या कंपनीत भरती करणारा अधिकारी नियमावर बोट ठेवतो, तर शेडचा मालक माणूस समोर उभा करून घेतो आणि स्वतःचा अंदाज बांधतो.

इचलकरंजीच्या यंत्रमागांवर पाळी रात्रीचीही असते. जुनी संगत टाळू पाहणाऱ्याला ती सोयीची, पण दारू सोडू पाहणाऱ्याला अवघड. गांधीनगरची कापडपेठ, लक्ष्मीपुरीची धान्यबाजारपेठ, बाजार समितीतली हमाली, हुपरीचे चांदीकाम ही कामे ओळखीवर चालतात. त्यांतही चोरीच्या गुन्ह्यातल्या माणसाला चांदीच्या पेढीवर बसवण्याचा हट्ट आपण धरू नये. गुऱ्हाळ आणि साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, त्यामुळे तिथे लावलेल्या माणसासाठी पुढच्या महिन्यांची सोय फेब्रुवारीतच शोधायला लागावे.

गुन्हा आणि काम यांचा संबंध शांतपणे तोलावा, एवढे सांगून हा भाग संपवतो. बांधावरच्या भाऊबंदकीतून झालेल्या मारामारीत शिक्षा झालेला शेतकऱ्याचा मुलगा दुकानाच्या गल्ल्यावर निर्धोक असतो; बालकांवरील लैंगिक अत्याचारात दोषी ठरलेल्याला शाळेच्या गाडीवर, वसतिगृहात किंवा तालमीत मुलांजवळ काम देऊ नये, मग तो कितीही बदललेला वाटो. त्याच्यासाठी काम शोधायचे ते मुलांपासून दूरच्या जागी.

ज्याला नोकरी जमत नाही त्याच्यासाठी हातगाडी किंवा लहान धंदा आहे. महापालिकेकडे पथविक्रेता म्हणून नोंद असेल तर पीएम स्वनिधीचे पहिले कर्ज तारणाशिवाय मिळते. महिला व बाल विकास विभागाकडे मुक्त बंद्यांच्या पुनर्वसनासाठी आर्थिक साहाय्याची योजना आहे. तिची चौकशी जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांकडे करावी, आणि अर्जासाठी सुटकेचे प्रमाणपत्र बरोबर न्यावे. कौशल्य शिकायचे असेल तर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था कळंबा रोडवरच आहे. कारागृहाकडे जाणाऱ्याच रस्त्यावर ती असल्याने काहींना तिकडे पाऊल टाकणे नको वाटते, हेही समजून घ्यावे.

स्त्रियांच्या बाबतीत क्रम उलटा होतो. सुटलेल्या पुरुषाला घर सहसा असते आणि काम नसते. बाईला मात्र सासर दार उघडत नाही आणि माहेर चार दिवसांनी कंटाळते. म्हणून तिच्यासाठी आधी राहण्याची जागा पाहावी आणि त्या जागेपासून चालत जाता येईल असे काम मग शोधावे.

चौथी पायरी : मालकाशी काय बोलावे

कोल्हापुरात नोकरीची मुलाखत ‘कुठल्या गावचं? कुणाकडून आलाय?’ या प्रश्नांनी सुरू होते. या प्रश्नाला आपण दचकू नये. गावचा पोलीस पाटील, तालमीचे वस्ताद, सेवा सोसायटीचे चेअरमन यांपैकी एकाने तरी आपला माणूस ओळखतो असे म्हणावे, अशी तयारी आधीच करावी. तालमीचे नाव मात्र दोन बाजूंनी चालते. ज्या कट्ट्यावरून भांडणाला निघाले, त्याच कट्ट्यावरची शिफारस घेऊन गेल्यास मालकाला जुना राडा आठवतो.

नोंदीबद्दल काय सांगायचे ते तीन वाक्यांत बसवावे आणि ते त्या माणसाने स्वतः सांगावे. उदाहरणार्थ : ‘२०१९ साली शेताच्या वादात मारामारी झाली, त्यात मला दोन वर्षांची शिक्षा झाली. ती पूर्ण करून मी बाहेर आलोय, दुसरी कुठलीही केस माझ्यावर नाही, हे निकालपत्र. आत मी सुतारकाम केलंय, त्याचा दाखला हा.’ एवढे बोलून थांबावे. ‘मला अडकवलं होतं’ ही कहाणी खरी असली तरी पहिल्या भेटीत सांगू नये, कारण ऐकणाऱ्याला न्यायाधीश व्हायचे नसते, त्याला उद्या सकाळी आठला कोण येणार एवढेच ठरवायचे असते. हे बोलणे घरी चार-पाच वेळा म्हणून घ्यावे. माझ्या अनुभवात बहुतेकांना दुसऱ्या वाक्याशी आवंढा येतो, आणि तो आपल्यासमोर येऊन गेलेला बरा.

छापील फॉर्म असेल तर प्रश्न शब्दशः वाचावा. ‘शिक्षा झाली आहे का?’ आणि ‘गुन्हा नोंद झाला आहे का?’ हे वेगळे प्रश्न आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात जी तत्त्वे घालून दिली त्यांचा सारांश असा की, जे स्पष्टपणे विचारले आहे त्याचे उत्तर खरे असले पाहिजे, जे विचारलेलेच नाही ते न सांगितल्याबद्दल लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही, आणि तरुण वयातल्या किरकोळ प्रकरणाची माहिती लपवल्याकडेही नियोक्ता परिस्थिती पाहून दुर्लक्ष करू शकतो. अर्थात खरे सांगूनही नोकरी नाकारली जाऊ शकते. तरीही माझा सल्ला खरे लिहिण्याचाच आहे : सुरुवातीला गेलेली नोकरी एक दिवस खाते, पडताळणीत वर्षाने गेलेली नोकरी ते अख्खे वर्ष खाते.

चारित्र्य पडताळणीचा दाखला महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून मागवता येतो. निर्दोष मुक्ततेनंतरही पोलिसांच्या नोंदीत गुन्हा प्रलंबित दिसत असेल, तर निकालपत्राची नक्कल जोडून संबंधित पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असे समजावे.

पाचवी पायरी : काम लागल्यानंतरचे तीन महिने

येथे एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती याच गावची आहे. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांना रोज पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना आपल्या पदरी कामे दिली. ज्याला दिवसातून एकदा चावडीवर उभे राहावे लागते त्याला कुठलेच काम टिकवता येत नाही, हा त्यातला हिशेब आजही तसाच लागू आहे. जामिनाच्या अटीत दर सोमवारी अकरा ते एक पोलीस ठाण्यात हजेरी असेल, तर आपल्या माणसाला सोमवारची पहिली पाळी चालणार नाही. हे मालकाला पहिल्याच दिवशी सांगावे आणि शक्य असल्यास आठवड्याची सुट्टी सोमवारी मागून घ्यावी. अट जाचक असेल तर ती शिथिल करण्यासाठी नोकरीचे पत्र जोडून न्यायालयात अर्ज करता येतो.

तारखांचेही तसेच आहे. तारीख चुकली की वॉरंट निघते, आणि कारखान्याच्या फाटकावर आलेला पोलीस तीन महिन्यांची मेहनत पाच मिनिटांत धुऊन टाकतो. पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून घरातल्या बाईला दाखवून ठेवावी; माझ्या अनुभवात माणूस विसरतो, ती विसरत नाही.

काही ठेकेदार अशा माणसांना मुद्दाम शोधतात. ‘तुला दुसरं कोण घेणार?’ असे म्हणून निम्म्या मजुरीवर राबवून घेतात आणि महिनाअखेरीस पगार दाबून ठेवतात. नोंद असलेल्या माणसालाही किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि विमा इतरांइतकाच लागू आहे. हजेरीच्या वहीचा फोटो रोज काढायला सांगावा. सहायक कामगार आयुक्तांकडे तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा ठरतो.

कार्यकर्त्याने स्वतःसाठीही काही बंधने पाळावीत. त्याची मूळ कागदपत्रे आपल्या कपाटात ठेवू नयेत. मालकाकडे ‘मी जामीन राहतो’ असे म्हणू नये. आपण ओळख करून देतो, हमी देत नाही. फिर्यादीच्या घरी समेट घालायला परस्पर जाऊ नये, कारण खटला चालू असेल तर ते साक्षीदारावर दबाव आणणे ठरू शकते आणि त्याचा जामीन रद्द होण्याची वेळ येते. उसने पैसे द्यावेत की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मी देत नाही, एसटीचा पास काढून देतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, बहुधा पहिल्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी, तो कामावर जात नाही. हे इतक्यांदा घडते की मी त्या दिवशी सकाळी दुसरे काही ठरवत नाही. दहाच्या आत घरी फोन करावा. झोपला असेल तर उठवून दुपारच्या पाळीला पाठवावे, रात्री दारू झाली असेल तर त्या दिवशी यंत्रावर पाठवू नये आणि मालकाला आजारी आहे एवढेच कळवावे, मनाने खचला असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर त्याचे बोलणे करून द्यावे, आणि घरी नसेल तर आधी आजची तारीख कोणत्या न्यायालयात लागली आहे का ते पाहावे. बारापर्यंत मालकाला आपला फोन गेला पाहिजे, त्याचा आपल्याला येण्याआधी.